जीन्स बसते ती मागच्या योकवर

पारोळ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस शिवतेच, पण हल्ली पिशव्यांतून निघतात त्या विकत आणलेल्या जीन्स. कंबरेत मागे हात जाईल एवढी फट, मांडीत कापड तटतटलेलं. मग बायका म्हणतात, "ताई, माझं अंगच तसलं." मला हे ऐकवत नाही. दोष अंगाचा नाही, कापाचा आहे.

जीन्स मुळात कष्टकरी पुरुषांची. खिशांना रिव्हेट ठोकायची युक्ती अमेरिकेतल्या रेनोच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची; त्याला आणि लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीला २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. त्याच कंपनीने खास बायकांची जीन्स आणली ती थेट १९३४ मध्ये.

साध्या पँटला मागे सीटच्या गोलाईसाठी टक घेतात. जीन्समध्ये ती गोलाई बेल्टखालच्या तिरक्या जोडपट्टीत, म्हणजे योकमध्ये, मुरवलेली असते. कंबर बारीक आणि सीट भरलेली असेल तर योक मध्यभागी खोल उतरलेला हवा आणि बेल्ट वळणाने कापलेला. फट काढताना मी बेल्ट उसवते आणि मागची मधली शिवण योकसकट आत घेते. नुसता बेल्ट आवळला की खाली फुगा येतो.

मागचे खिसे मात्र दुकानातच पारखून घ्या. ते लहान आणि दूरदूर असले की सीट पसरट दिसते, खाली सरकलेले असले की ओघळलेली. नंतर हलवता येत नाहीत, कारण डेनिमची नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. वापराने आतला पांढरा धागा उघडा पडतो आणि खिशाखालचा चौकोन तेवढा गडद राहतो. मांड्या भरलेल्या असतील तर फिकट पट्टा मधोमध आणि कडा गडद, अशी जीन्स निवडा. पोट सुटलं असेल तर पुढच्या खिशांचं अस्तर चेनपर्यंत नेऊन शिवायचं. ते पोटाला आतून धरतं.

१९९५ मध्ये अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' आणली होती. कापड, चेन, रिव्हेट एका पाकिटात, १९५ रुपयांना, आणि शिलाई गावच्या शिंप्याकडे. ती कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण त्यात माप गिऱ्हाइकाच्या अंगाचं होतं. मी आसनाचं माप गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवूनही घेते. धुळ्याला एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीची जीन्स वाकल्यावर मागून उतरता कामा नये. तिचा बेल्ट मी मागे बोटभर उंच ठेवते.