समुद्रातील पवनचक्क्या आणि गंजाचा हिशेब

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याची सुरुवात डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे केली. त्या अकरा चक्क्या २०१७ मध्ये काढल्या. म्हणजे त्यांचे पोलादी मनोरे पंचवीस वर्षे खाऱ्या वाऱ्यात टिकले. मात्र त्याच देशात हॉर्न्स रेव्ह येथे २००२ साली ८० चक्क्या उभ्या राहिल्या आणि पाया व मनोरा यांना जोडणाऱ्या भागाचा रंग लवकरच सुटू लागला. रंगाची निवडही चुकली होती आणि काम करणाऱ्यांनी तो नीट लावलाही नव्हता. कारखान्यात वाचवलेला पैसा समुद्रात कितीतरी पटीने मोजावा लागतो. बोट हवी, दोरावर लटकणारे कारागीर हवेत, शिवाय लाटा शांत होईपर्यंत सर्वांचा रोज चालूच!

पाण्याखालच्या भागाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. पण हे काम पाण्यात बुडालेल्या भागापुरतेच. जेथे लाटा आपटतात तेथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून गंज सर्वांत जास्त तेथेच चढतो. तेथे मुख्य भरवसा रंगाचाच.

हा रंग एका हाताचा नसतो. प्रथम बारीक खडीचा मारा करून पोलाद जवळजवळ पांढरे करतात, मीठ धुऊन काढतात. नंतर जस्तयुक्त इपॉक्सीचे अस्तर, त्यावर इपॉक्सीचे जाड थर, आणि शेवटी पॉलियुरेथेन, कारण नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरभुरते. वेल्डिंगचे सांधे व कडा यांवर आधी ब्रशने हात मारतात. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त नसेल तर काम थांबवतात. आम्हां कापडवाल्यांना यात नवल नाही. कोरे कापड उकळून खळ काढली नाही, तर महागडा रंगही धरत नाही.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. कोकणातील आपले कित्येक बांधव जहाजांवर गंज खरवडून रंग देत आले आहेत. त्यांच्या मुलांनी रंगाच्या तपासणीचे काम शिकून घ्यावे असे आम्हांस वाटते. थराची जाडी मोजणे, मीठ तपासणे, नोंदी ठेवणे, हे सारे त्यात येते. आणि कोणी ठेका घेणार असेल, तर दर सांगण्यापूर्वी आय.एस.ओ. १२९४४ चा नववा भाग जरूर वाचावा. समुद्री बांधकामांच्या रंगाच्या कसोट्या त्यातच दिल्या आहेत.