पालक गाव सोडताना: सिकलसेलग्रस्त मुलाचं काय?
भंडारा हा सिकलसेलच्या पट्ट्यातला जिल्हा; 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हा आजार आहे. विभक्त आईवडिलांपैकी एकजण नोकरीसाठी पुण्याला निघाला, की वाद ताब्यावर येतो. खरा प्रश्न मात्र देखभाल कुठे तुटते, हा आहे. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं, तरी अशा मुलाला वेदनेचा झटका येऊ शकतो. त्या रात्री रोजच्या गोळ्या आणि जुने रक्त-अहवाल ठाऊक असलेलं माणूस हाताशी लागतं. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचं कल्याणच पाहिलं जातं, आणि अर्ज मूल एरवी राहतं त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात करायचा असतो.

मग पोटापाण्यासाठी जाणाऱ्याला अडवायचं का? नाही. पुण्यात मोठी रुग्णालयं आहेत, हेही खरं. कधी मुलाने सोबत जाणंच हिताचं ठरेल. पण रुग्णालय रात्री उशाशी बसत नाही. म्हणून निघण्याआधीच लेखी ठरवावं: औषधं कोण देणार, प्रवासात सोबत कोण, खर्चाचा वाटा किती; अहवालांच्या प्रती दोन्ही घरी. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपत्याला 18 वर्षांनंतरही पोटगी मागता येते. गाव सुटलं तरी जबाबदारी सुटत नाही.