चौथ्या मुलीची शर्यत

आज आपण धावण्याच्या एका शर्यतीविषयी बोलणार आहोत. ही शर्यत सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलींची असते. जगभरातल्या मुली त्यासाठी एका ठिकाणी जमतात. शर्यतीचं नाव मोठं आहे: जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेतली वीस वर्षांखालील मुलींची शर्यत. नाव अवघड वाटलं तरी खेळ अगदी सोपा आहे, आणि तो आपल्या घरातल्या मुलींच्याही जवळचा आहे.

क्रॉस कंट्री म्हणजे सरळ भाषेत रानातून धावणं. एरवी धावण्याच्या स्पर्धा सपाट, आखलेल्या मैदानावर होतात. इथे तसं काही नसतं. गवत असतं, चढ असतो, उतार असतो, चिखल असतो, कधी पाणी तुडवावं लागतं, कधी वाळूतून पाय ओढावा लागतो. साधारण दोन किलोमीटरचा फेरा आखतात आणि तोच पुन्हा पुन्हा धावायचा. मुलींना एकूण सहा किलोमीटर धावावं लागतं. प्रत्येक ठिकाणचं रान वेगळं, म्हणून या खेळात घड्याळाचा विक्रम नसतो. कोण कितवी आली, एवढंच मोजतात.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. ही शर्यत एकटीची असते आणि संघाचीही असते. एका देशाच्या सहा मुली धावू शकतात. त्यांतल्या पहिल्या चार जणींचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करतात. ज्या देशाची बेरीज सगळ्यात कमी, तो देश जिंकला.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका संघाच्या मुली पहिली, दुसरी, विसावी आणि पंचविसावी आल्या. बेरीज झाली 48. दुसऱ्या संघाच्या मुली आठवी, नववी, दहावी आणि अकरावी आल्या. बेरीज झाली 38. म्हणजे पहिल्या संघाकडे सोन्याचं आणि रुप्याचं अशी दोन्ही पदकं गेली, तरी संघ म्हणून दुसरा जिंकला. आणि एखाद्या संघाच्या चार मुलीसुद्धा शेवटपर्यंत पोचल्या नाहीत, तर तो संघ मोजलाच जात नाही.

बचत गट चालवणाऱ्या बाईला हा हिशोब लगेच कळेल. दोघींनी भरपूर भरलं आणि बाकीच्यांचे हप्ते थकले, तर गट उभा राहत नाही. इथेही तसंच आहे. मागून येणाऱ्या चौथ्या मुलीनं शेवटच्या चढावर दोघींना मागे टाकलं, तर संघाचे दोन गुण वाचतात. तिचा फोटो पेपरात येत नाही, पण पदक तिच्यामुळे येऊ शकतं.

ही शर्यत मुलींना सहज मिळालेली नाही. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा 1973 साली बेल्जियममध्ये सुरू झाली. तेव्हा तीन शर्यती होत्या: पुरुषांची, स्त्रियांची आणि तरुण मुलांची. तरुण मुलींची शर्यत नव्हती. ती आली 1989 साली, नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी. म्हणजे मुलांनंतर सोळा वर्षांनी! तोवर सतरा वर्षांच्या मुलीला धावायचं असेल तर तिनं मुरलेल्या, मोठ्या बायकांबरोबर धावावं, नाहीतर घरी बसावं. मोठ्या गटात पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही सारखेच दहा किलोमीटर मिळाले, तेही 2017 साली, युगांडातल्या कंपाला इथे. तरुणांच्या गटात आजही मुलं आठ किलोमीटर धावतात आणि मुली सहा.

स्वतंत्र शर्यत मिळाल्यानं काय झालं, हे तीन-चार मुलींच्या गोष्टींवरून पाहू.

पॉला रॅडक्लिफ ही इंग्लंडची मुलगी. तिला दम्याचा त्रास होता. बारा वर्षांची असताना ती शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावली. सुमारे सहाशे मुली होत्या आणि तिचा नंबर आला 299वा. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेत ती चौथी आली. आणि 1992 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये, बर्फ पडलेल्या मैदानावर, तिनं मुलींची ही जागतिक शर्यत जिंकली. पुढे 2003 साली लंडनला तिनं 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तो जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला. 299वा नंबर आला त्या दिवशी घरच्यांनी 'हिच्यानं काही होणार नाही' असं म्हटलं असतं तर?

दुसरी केनियाची फेथ किपयेगॉन. पोलंडमध्ये 2010 साली ही शर्यत झाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ती अनवाणी धावली आणि चौथी आली. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये पुन्हा अनवाणी धावली आणि पहिली आली. 2013 साली तिनं ही शर्यत दुसऱ्यांदा जिंकली. पुढे 1500 मीटरच्या शर्यतीत तिनं ऑलिंपिकची लागोपाठ तीन सुवर्णपदकं मिळवली. त्यातलं पहिलं 2016 सालचं. 2018 साली तिला मुलगी झाली आणि उरलेली दोन पदकं तिनं बाळंतपणानंतर जिंकली. बाळ झालं की बाईचं धावणं संपलं, असं समजणाऱ्यांना तिनं पळूनच उत्तर दिलं.

तिसरी गोष्ट लेतेसेनबेत गिदे आणि बिएट्रिस चेबेट या दोघींची. गिदे ही इथिओपियाची, तिग्राय भागातली. तिनं 2015 आणि 2017 अशी दोनदा ही शर्यत जिंकली. चेबेट केनियाची. तिची शर्यत 2019 साली डेन्मार्कमधल्या आरहुस गावी झाली. तिथे एका संग्रहालयाचं छप्पर उतरतं आहे आणि त्यावर गवत लावलेलं आहे. शर्यतीची वाट त्या छपरावरूनच काढली होती. सहा किलोमीटर संपत आले तरी तीन मुली खांद्याला खांदा लावून धावत होत्या: एक चेबेट आणि दोघी इथिओपियाच्या. तिघींचीही वेळ एकच लागली, 20 मिनिटं 50 सेकंद! फोटो पाहून निकाल लावावा लागला आणि चेबेट पहिली ठरली.

पुढे 2023 साली ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला मोठ्या बायकांच्या शर्यतीत या दोघी समोरासमोर आल्या. गिदे पुढे होती. शेवटची रेषा अगदी थोड्या अंतरावर असताना तिचे पाय गेले आणि ती कोसळली. मागून आलेली चेबेट जिंकली. गिदेला कुणीतरी हात देऊन उठवलं. शर्यतीत बाहेरच्याची मदत घेता येत नाही, म्हणून ती बाद ठरली. चेबेटनं पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 मीटर अशी दोन सुवर्णपदकं घेतली. 10,000 मीटर 29 मिनिटांच्या आत आणि 5,000 मीटर 14 मिनिटांच्या आत धावणारी ती जगातली पहिली स्त्री आहे.

या मुली सोळा-सतरा वर्षांच्या असताना कुणीतरी त्यांना धावू दिलं, हे विसरू नका. आपल्याकडे नेमकं याच वयात मुलींचं खेळणं थांबतं. पाळी सुरू झाली, दहावी आली, शाळा लांब गेली, लग्नाचं बोलणं निघालं, की आधी बूट बाजूला पडतात. तरीही काही मुली थांबल्या नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावरून आली आणि 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्याची, मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. माळरान आपल्याकडेही आहे आणि मुलीही आहेत.

आता कामाचं बोलू. मुलगी धावत असेल तर तिच्यासाठी आपण तीन गोष्टी करू शकतो.

पहिली गोष्ट रक्ताची. धावताना पायांना प्राणवायू लागतो आणि तो रक्तातलं हिमोग्लोबिन पोचवतं. त्यासाठी लोह लागतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहांपैकी जवळजवळ सहा मुली. अशी मुलगी धावताना मागे पडली की आपण तिला आळशी म्हणतो. तसं म्हणण्याआधी आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारा. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खाते ना, ते पाहा. जेवणात पालेभाजी, बाजरी, अळीव, कडधान्य असू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका.

दुसरी गोष्ट पोटाची. धावणाऱ्या मुलीला जास्त खायला लागतं. ती सकाळी उपाशी धावून आली आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवली, तर अंग भरत नाही, हाडं कमजोर राहतात. सुरू असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणू नका. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट कागदाची. या जागतिक शर्यतीत त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला किती वय पूर्ण होतं, ते पाहतात. आपल्या देशातल्या राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेतही सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालचे वेगवेगळे गट असतात. म्हणून जन्मदाखला घरात जपून ठेवा आणि त्यावरची तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, ते आजच पाहा. तारखा जुळत नसल्या तर ऐन वेळी धावपळ होते.

आणि एक मागणी गटाला. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या वाडीतल्या किती मुलींना पळायला आवडतं? सकाळी त्या चौघी-पाच जणी एकत्र जाव्यात, त्यांच्यासोबत गटातली एक बाई पाळीपाळीनं असावी, असं ठरवता येईल का? मुली एकट्या असल्या की घरची माणसं घाबरतात. चौघी असल्या की सोडतात. यासाठी मैदान लागत नाही. गावाबाहेरची पायवाट आणि माळ पुरतो.

त्यांतली एखादी पुढे जिल्ह्यात पहिली येईल, एखादी मागेच राहील. मागे राहणारीलाही दुसऱ्या दिवशी उठवून पाठवा. संघाची बेरीज तिच्यावाचून पुरी होत नाही.