सत्त्याण्णववरून थेट एकवर: गाणी एवढ्या उड्या कशा मारतात?



गेल्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर एका ताईंचा फोन आला. त्यांची शाळेत जाणारी मुलगी सांगत होती की टेलर स्विफ्टचं एक गाणं एका आठवड्यात ९८ पायऱ्या चढलं. आणि ते आपल्यासारख्या चाहत्यांनी पैसे खर्चून विकत घेतलं म्हणूनच. ताई म्हणाल्या, "बिनाका गीतमालेत गाणं दोन-तीन पायदान वर सरकलं तरी आमच्या घरी चर्चा व्हायची. इथल्या लोकांना आठ दिवसांत एवढं काय आवडतं हो? आणि पोरीनं खाऊचे पैसे यात घालावेत का?"

ताई, पैशांचं तुमचं तुम्ही ठरवा. पण आकडा खरा आहे. २०१९ च्या मे महिन्यात 'मी!' हे गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत शंभराव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आलं. एका आठवड्यात एवढी मोठी उडी तोवर कुणीच घेतली नव्हती. पहिला क्रमांक 'ओल्ड टाउन रोड'नं अडवून धरला होता, नाहीतर ९९ झाल्या असत्या!

आता यातली गंमत ऐका. हॉट १०० ही निव्वळ रेडिओची यादी नाही. रेडिओवर गाणं किती वाजलं, किती विकलं गेलं आणि इंटरनेटवर किती ऐकलं गेलं, अशा तीन वह्यांची बेरीज करून ती तयार होते. आणि या वह्यांचे आठवडे तेव्हा एकाच दिवशी सुरू होत नव्हते. रेडिओचा आठवडा सोमवार ते रविवार, विक्रीचा शुक्रवार ते गुरुवार. 'मी!' आलं शुक्रवारी, २६ एप्रिलला. म्हणजे पहिल्या हिशेबात त्याच्या वाट्याला आले रेडिओचे फक्त तीन दिवस. तेवढ्यावर ते शंभरावं आलं. पुढच्या आठवड्यात विक्री आणि इंटरनेटचे सात-सात दिवस जमेला आले आणि गाणं वर उडालं. लोकांची आवड रातोरात बदलली नव्हती, हिशेब उशिरा पोचला होता.

थेट पहिल्या क्रमांकावर पोचण्याच्या उडीची गोष्टही अशीच. १९६४ च्या एप्रिलमध्ये बीटल्सचं 'कान्ट बाय मी लव्ह' २७ वरून १ वर आलं. हा विक्रम ३८ वर्षं टिकला. २००२ मध्ये 'अमेरिकन आयडल'ची पहिली विजेती केली क्लार्कसन हिचं 'अ मोमेंट लाइक धिस' ५२ वरून १ वर गेलं. टीव्हीवर अंतिम फेरी झाली, रेडिओवर गाणं वाजू लागलं, पण सीडी दुकानात यायला दोन आठवडे लागले. ती आली आणि लोक तुटून पडले.

मग डाउनलोडचा जमाना आला आणि विक्रमांची रांगच लागली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनी स्पिअर्सचं 'वुमनायझर' ९६ वरून १ वर. चारच महिन्यांत, २००९ च्या फेब्रुवारीत, पुन्हा केली क्लार्कसन: 'माय लाइफ वुड सक विदाउट यू' ९७ वरून १ वर. पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख ८० हजार डाउनलोड. इथंही आधी रेडिओ, मग विक्री. दोन्ही एकाच वेळी सुरू झालं असतं, तर गाणं कदाचित सरळ पहिल्या क्रमांकावरच दाखल झालं असतं आणि उडीचा विक्रम झालाच नसता.

नियमांचा खेळ उलटाही चालतो. १९९८ च्या डिसेंबरपर्यंत, जे गाणं सुटं विकायला नाही ते हॉट १०० मध्ये घेतच नसत. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' १६ आठवडे रेडिओच्या यादीत पहिलं होतं, पण सुटं विकायला काढलं नव्हतं, म्हणून हॉट १०० मध्ये त्याचं नावच नाही. तेव्हा ज्यांनी गाडीत ते रोज ऐकलं, त्यांना हे सांगून पटणार नाही.

बरं, निव्वळ रेडिओची यादी तरी सरळ आहे का? तिथं गाणी सहसा हळूहळू चढतात, कारण स्टेशनं नवं गाणं जपून वाजवतात. पण इथं एकेका कंपनीकडे शेकडो स्टेशनं आहेत. आयहार्टकडे तर आठशेहून जास्त. एखाद्या मोठ्या कलाकाराचं गाणं आलं की पहिल्या दिवशी अनेक स्टेशनांवर ते तासातासाला वाजवायचं, असं वरून ठरतं. यंत्र ते सगळं इमानेइतबारे मोजतं. तुम्ही गाणं मागितलं होतं की नव्हतं, हे यंत्राला कळत नाही. मला स्वतःला रेडिओवरच्या उडीपेक्षा विक्रीची उडी जास्त खरी वाटते, निदान तिथं कुणीतरी खिशात हात घातलेला असतो. तेव्हा ताई, तुमची मुलगी अगदीच चूक नाही.

गीतमालेतही दुकानांतली रेकॉर्डविक्री आणि श्रोता संघांची मतं धरायचे. अमीन सायानी बोलायला लागले की ते हिशेब आपल्याला आठवायचे नाहीत, एवढंच.

मुलीला मात्र एक कोडं घाला: यादीतल्या आठवड्यांच्या हिशेबानं सर्वांत सावकाश पहिलं आलेलं गाणं कोणतं? ग्लास ॲनिमल्सचं 'हीट वेव्हज'. २०२२ च्या मार्चमध्ये ते हॉट १०० मध्ये पहिलं आलं, यादीतल्या एकोणसाठाव्या आठवड्यात. तोवर यादीतले इतके आठवडे कुठल्याच गाण्याला लागले नव्हते.

ताई, तुमची फर्माईश लक्षात आहे. जाहिरातींनंतर लगेच लावतो.