होळकरांचा संघ आणि आपले शस्त्रक्रियागृह

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून वडीलधाऱ्यांच्या गप्पा रंगल्या, की त्या फिरून फिरून कर्नल सी. के. नायडूंपाशी येत असत. आमच्या पिढीने हे ऐकले ते जेवणाच्या पंगतीत किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात, आणि बहुधा अर्ध्या कानाने. हल्ली आपल्या वैद्यकीय परिषदांमधून नेतृत्व, संघभावना, कार्यसंस्कृती अशा विषयांवर व्याख्याने होतात, पडद्यावर बाण आणि वर्तुळे दिसतात. त्या वेळी मला मात्र आपल्याच गावातील तो संघ आठवतो. त्याच्या यशापासून पुष्कळ शिकता येते. पण एखादे इस्पितळ उभे करून ते चालविणाऱ्याने त्याच्या अस्ताकडेही पाहावे, असे मला वाटते.

१९४५-४६ च्या रणजी हंगामात म्हैसूर संघाविरुद्ध इंदूरात झालेला सामना जाणकारांना ठाऊक असेलच. होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात सहा शतके झाली : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. एका डावात सहा जणांची शतके, हा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील विक्रम ठरला. मला नवल वाटते ते या आकड्यांच्या जवळिकीचे. यात त्रिशतक नाही, द्विशतकही नाही. ज्या चंदू सरवट्यांनी शतक काढले, त्यांनीच म्हैसूरच्या पहिल्या डावात ६१ धावांत ९ बळी घेतले. नऊशे धावांचा डोंगर कोणा एकाच्या खांद्यावर उभा नव्हता.

हा संघ योगायोगाने जमलेला नव्हता. नायडू मूळचे नागपूरचे; १९२३ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला आले आणि येथलेच झाले. त्यांनी मुश्ताक अलींसारखा इंदूरचा मुलगा हेरला, घडविला. सरवटे सागरचे, निंबाळकर कोल्हापूरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, माधवसिंह जगदाळे आपल्या घरचे. महाराजा यशवंतराव होळकरांनी खेळाडूंना संस्थानच्या सेवेत सामावून घेतले. पोटाची चिंता मिटली, की माणसाचे चित्त कामावर राहते, हे आपण आपल्या परिचारिकांच्या वेतनपत्रकाकडे पाहताना विसरतो, हे येथे जाता जाता नमूद करतो.

नायडूंची शिस्त कडक होती. पण ती त्यांनी प्रथम स्वतःला लावली होती. १९४५-४६ च्याच अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक केले, तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. पुढे छप्पन्नाव्या वर्षी दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात निखळले, तरी त्यांनी मैदान सोडले नाही, अशी कथा सांगितली जाते. (डॉक्टर म्हणून मी या वर्तनाची शिफारस करणार नाही!) जो स्वतः उन्हात उभा राहतो, त्याचा कठोर शब्द लोक सोसतात. जो वातानुकूलित खोलीतून फोनवर रागावतो, त्याचा सोसत नाहीत.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. १९५२-५३ चे विजेतेपद शेवटचे. संस्थान १९४८ सालीच मध्यभारतात विलीन झाले होते. काही वर्षांनी संघाचे नावही बदलले, नायडूही वयपरत्वे दूर झाले. आणि त्यानंतर रणजी करंडक इंदूरच्या संघाकडे, म्हणजे मध्यप्रदेशाकडे, यायला २०२२ साल उजाडावे लागले. एकोणसत्तर वर्षे! खेळाडू संपले होते असे नव्हे. जगदाळे, सरवटे, मुश्ताक अली येथेच होते आणि त्यांनी पुढील मुले घडविलीही. परंतु जी घडी बसली होती, ती एका दरबाराच्या आश्रयावर आणि एका माणसाच्या धाकावर उभी होती. ते दोन्ही गेल्यावर ती घडी कोणाच्याच हाती राहिली नाही.

येथे मला आपल्या शहरातील कित्येक नर्सिंग होम आठवतात. कोणी एक कुशल, कष्टाळू सर्जन पंचवीस-तीस वर्षे खपून नाव कमावतो. सारे त्याला विचारून होते. कोणती सुई मागवायची, कोणत्या रुग्णाला किती सूट द्यायची, तेही त्यालाच ठाऊक. ‘सर आहेत ना’ हाच तेथील नियम, आणि हीच तेथील कार्यसंस्कृती. मग एके दिवशी सर थकतात आणि दोन वर्षांत पाटी उतरते. तो व्यवसायातील मंदीचा दोष असतोच असे नाही.

२०२२ च्या विजयाची हकीकत म्हणूनच उद्‌बोधक आहे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. परंतु १९९८-९९ साली ते मध्यप्रदेशाचे कर्णधार होते आणि बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्धचा अंतिम सामना, पहिल्या डावात आघाडी घेऊनही, त्यांच्या हातून निसटला होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला आणि मग सलग दोनदा विदर्भाला करंडक मिळवून दिला. २०२० मध्ये ते मध्यप्रदेशाकडे आले. शिस्तीबद्दल त्यांची ख्याती नायडूंच्याच जातीची. २०२२ च्या जूनमध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर, तेही मुंबईविरुद्ध, मध्यप्रदेश सहा गडी राखून जिंकला. व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान हे नावाजलेले खेळाडू त्या वेळी भारतीय संघाबरोबर होते. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली. पुन्हा तेच : भार वाटलेला. मात्र हीच कडक पद्धत पुढे कोलकात्याच्या आयपीएल संघात काही परदेशी खेळाडूंना रुचली नाही, असे त्यांच्यापैकी एकाने उघडपणे सांगितले. आणि तरीही २०२४ चे विजेतेपद त्या संघाने मिळविलेच. तेव्हा धाकाविषयी सरसकट निर्णय देणे मला कठीण वाटते.

धाकाचा एक दुष्परिणाम मात्र मी स्वतः अनुभवला आहे. स्वतंत्र व्यवसायाची पहिलीच वर्षे होती. एका छोट्या इस्पितळात हर्नियाचा रुग्ण टेबलावर होता; कमरेतून भूल दिलेली, त्यामुळे तो जागा होता. मी सिस्टरला ‘लेफ्ट साइड’ म्हणून सांगितले, आणि पडद्याच्या पलीकडून आवाज आला, “साहब, मेरा तो दाहिना है.” कागद पाहिले. उजवीच बाजू होती. माझीच चूक. नंतर वॉर्डबॉयला विचारले, तर तो म्हणाला, “हमने तो दाहिनी ही बनाई थी, साहब. सोचा, आप कह रहे हैं तो सही होगा.” सिस्टरच्याही ते लक्षात आले होते. तिघांपैकी दोघांना सत्य ठाऊक होते आणि ज्याच्या हाती सुरी होती, त्याला ते सांगण्याची त्यांची छाती झाली नाही. त्या दिवशी रुग्णाला संपूर्ण भूल दिलेली असती, तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

याच दुखण्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठीची एकोणीस कलमांची पडताळणी-सूची काढली. त्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. सूचीत औषधे आणि उपकरणे आहेतच, पण छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असेही एक कलम आहे. नाव उच्चारलेला माणूस पुढे गरज पडल्यास बोलतो, हा त्यामागील हिशेब. नवी दिल्लीसह आठ शहरांतील इस्पितळांत हा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शंभराहून अधिक इस्पितळांनी ही सूची स्वीकारली, तेव्हा २०१४ च्या अहवालात लक्षणीय फरक आढळला नाही. या तफावतीची कारणे पुष्कळ सांगितली गेली. मला पटते ते हे, की कागद आला, पण सर्वत्र त्याबरोबर माणसे बोलू लागली नसावीत. आपल्याकडेही मान्यतेच्या तपासणीसाठी शस्त्रक्रिया संपल्यावर एकदम सगळ्या चौकटींत खुणा करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आमच्या थिएटरमध्ये आता क्रम उलटा ठेवला आहे. रुग्णाचे नाव आणि बाजू प्रथम वॉर्डबॉय सांगतो, मग सिस्टर, मग भूलतज्ज्ञ, आणि शेवटी मी. मी आधी बोललो, तर बाकीचे केवळ माना डोलावतात. पहिले काही आठवडे वॉर्डबॉय बोलण्यापूर्वी माझ्या चेहऱ्याकडे पाहत असे. गेल्या पावसाळ्यात एकदा त्याने मला मध्येच थांबविले. पाहिले तर माझेच बरोबर होते, त्याची समजूत चुकली होती. बिचारा शरमिंदा झाला. काम आटोपल्यावर सर्वांसाठी चहा-पोहे मागविले आणि पहिली बशी त्याच्या हाती दिली. पुढील वर्षापासून आमचे चिरंजीव शस्त्रक्रिया पाहणार आहेत. हा क्रम तसाच ठेवायला मी त्यांना सांगितले आहे, आणि तो मोडला तर मला येऊन सांगायला वॉर्डबॉयला.