विश्लेषण : पिकअपला मागे पाटे, कॉइल की एअर सस्पेन्शन? दमदार गाडीसाठी काय निवडावे?

हळदीचा हंगाम आला की हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतच्या बाजारात मालाने भरलेल्या पिकअपच्या रांगा लागतात. शेतातील काळ्या मातीची वाट आणि अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड राष्ट्रीय महामार्ग, दोन्हीकडे एकच गाडी धावते. अशा गाडीचे मागचे सस्पेन्शन कसे असावे आणि 'एक पाटा वाढवून घ्या' हा सल्ला किती सुरक्षित आहे?

पाट्यांनाच पसंती का?

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या सर्व गाड्यांना मागे पाटेच आहेत. पाटे वजन पेलतात आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरून ठेवतात. त्यामुळे सुटे भाग कमी लागतात, शिवाय पाटा तुटला तर तालुक्याच्या गावीही दुरुस्ती होते.

मग रिकामी गाडी का आदळते?

समजा, मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीत 600 किलो आणि भरल्यावर 2,000 किलो वजन येते. भरलेल्या गाडीत पाटे 10 सेंटीमीटर दबत असतील, तर रिकाम्या गाडीत ते जेमतेम 3 सेंटीमीटर दबतात. म्हणजे लोडसाठी योग्य असलेला पाटा रिकाम्या गाडीला फार कडक पडतो. यावर उपाय म्हणून अनेक गाड्यांत खाली हेल्पर पाटे असतात. वजन वाढल्यावरच ते कामाला लागतात.

जास्त ताकदीच्या इंजिनाने काय फरक पडतो?

जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळवटू पाहतो आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो. पाटा सुटला की चाक उसळते, पकड जाते. कॉइल स्प्रिंगच्या रचनेत अ‍ॅक्सलला वेगळे दांडे धरून ठेवतात आणि स्प्रिंग फक्त वजन पेलते. म्हणूनच अमेरिकेतील फोर्ड एफ-150 रॅप्टर या वेगवान पिकअपने 2021च्या मॉडेलपासून पाटे सोडून पाच दांड्यांची कॉइल रचना घेतली. खड्ड्यांतून वेगाने जाताना तिचे चाक जमिनीला जास्त चिकटून राहते. मात्र या रचनेत दांडे आणि बुश जास्त असल्याने देखभालीचे कामही वाढते.

एअर सस्पेन्शनचे काय?

हवेचा दाब कमी-जास्त करून रिकामी आणि भरलेली गाडी एकाच उंचीवर ठेवता येते. नाजूक मालासाठी हे उत्तम. पण कॉम्प्रेसर, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांचा खर्च येतो. फुगा फाटला तर गाडी बसते.

पाटा वाढवला तर काय बिघडते?

धोका इथेच आहे. पाटा वाढवल्याने गाडी खाली बसत नाही, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, चॅसिस आणि ब्रेक तेच राहतात. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, आणि तो धक्का थेट चॅसिसला जातो.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चॅसिस आणि अ‍ॅक्सलमधील अंतरावरून तो लोडचा अंदाज घेतो. पाटा वाढवल्यावर मागचा भाग उंच राहतो आणि भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक कमी लागतात आणि उतारावर गाडी लवकर थांबत नाही.

कायदा काय सांगतो?

आरसीवरील नोंदीशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. 2019च्या दुरुस्तीनुसार ओव्हरलोडसाठी 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पाटे कितीही घातले तरी आरसीवरील क्षमता वाढत नाही.

निवड कशी करावी?

- रोज माल वाहायचा असेल : कंपनीचे पाटे, चांगले शॉकअप.
- बहुतेक वेळ रिकामी, वेगात चालवायची असेल : कॉइल.
- नाजूक माल, चांगला रस्ता असेल : एअर.

सर्वात आधी आरसी पाहा. त्यावरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरलेल्या आकड्यात चालकही मोजायचा. एक पोते 50 किलोचे धरले तर 30 पोत्यांचा दीड टन होतो. तेवढे बसत नसेल तर पाटा वाढवू नका. दुसरी खेप करा किंवा मोठी गाडी घ्या.