गाडीच्या ईसीयूला हात लावण्यापूर्वी

भिगवणपासून इंदापूरपर्यंत पुणे-सोलापूर रस्त्यालगत आणि इकडे बारामती शहरात आमचे अनेक कारागीर बांधव गॅरेज, वेल्डिंग व ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आहेत. उस्तादाच्या हाताखाली कार्बोरेटर खोलून शिकलेला हा हुन्नर आज एका लहानशा पेटीपाशी अडतो. ती पेटी म्हणजे ईसीयू. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून तर तिच्याशी गाठ पडल्याशिवाय दिवस जात नाही.

पहिली गोष्ट ही की, दोष बहुधा पेटीत नसतो. फ्यूज, रिले, अर्थिंग आणि गंजलेले कपलर आधी तपासावेत. तपासणीसाठी बल्बचा टेस्टर वापरू नये. तो जास्त करंट ओढतो व आतले नाजूक सर्किट जाळू शकतो. डिजिटल मीटरच वापरावा.

पेटी काढणे भागच असेल, तर आधी स्कॅनर लावून दोषाचे कोड वहीत उतरवावेत, कारण बॅटरी काढल्यावर ते पुसले जाऊ शकतात. मग चावी बंद करून थोडे थांबावे. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही ईसीयू काही काळ चालू राहतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. एअरबॅगजवळ काम असेल, तर कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. कपलर त्याचे लॉक उघडूनच काढावा, वायर धरून ओढू नये. पिनांना बोट लावू नये.

बसवताना पिना सरळ व कोरड्या आहेत, हे पाहावे. कपलरचे लॉक पूर्ण बसवावे, अर्थिंगचा बोल्ट घट्ट करावा आणि निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडावी.

वेल्डिंगवाल्या बांधवांनीही ध्यानात घ्यावे. पिकअपच्या बॉडीला हुक जोडायचा असला, तरी आधी बॅटरी सोडावी. कंपनीने सांगितले असेल, तेथे ईसीयूचे कपलरही काढावेत. वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावी. रस्त्यात बंद पडलेली बारा व्होल्टची कार ट्रकच्या चोवीस व्होल्टवर कधीही चालू करू नये.

जुन्या बाजारातली पेटी आणून बसवली की काम झाले, असेही नाही. पार्ट नंबर जुळावा लागतो, आणि इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीशी कोडिंग केल्याशिवाय बहुधा इंजिन सुरूच होत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

नवी पेटी महाग असते. दोन रुपयांच्या गंजलेल्या अर्थिंगसाठी ‘ईसीयू गेला’ असे सांगून हजारोंचे बिल लावले, तर एखादे दिवशी सत्य बाहेर येतेच, आणि मग ते गिऱ्हाईकच काय, त्याचे गावही दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, पेटी खोलण्याची घाई करू नका. आधी मीटर लावा, मग पाना उचला.